कृपया मावशीचा आवाज

माझ्या मावशीला गल्लीत सगळे 'कृपया' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. बँकेला फोन लावला की जी बाई 'कृपया आपली भाषा निवडा' म्हणायची, ती माझी मावशी. मोठ्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये 'कृपया दरवाज्यापासून दूर उभे राहा' म्हणते, तीही तीच. तुम्हीसुद्धा तिच्यावर कधी ना कधी वैतागला असाल, कारण ती तुम्हाला थांबायला सांगते, गाणं लावते आणि निघून जाते. माझ्या वडिलांनी एकदा विजेच्या तक्रारीच्या फोनवर तिला सणसणीत शिव्या घातल्या होत्या. त्याच संध्याकाळी ती आमच्याकडे चहाला आली, तेव्हा ते सगळा वेळ पेपरमागे तोंड लपवून बसले होते.

दिसायला मावशी अगदी साधी. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कायम तीच कापडी पिशवी. रस्त्यात कुणी वळून बघणार नाही. पण तिने 'हे कसे दिले?' एवढं विचारलं की भाजीवाला हातातला तराजू थांबवून तिच्याकडे बघत राहतो आणि म्हणतो, तुम्हाला कुठंतरी ऐकलंय. भाव मात्र कमी करत नाही.

तिचं काम चालायचं एका छापखान्याच्या माळ्यावर. तिथे एक खोली आहे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी विटा लावून बुजवलेली. पंख्याची घरघर यायची म्हणून पंखा बंद. खाली यंत्रं चालू असली की जमीन थरथरायची, म्हणून सगळं रेकॉर्डिंग छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत. खालची माणसं डबे उघडायची तेव्हा मावशी मनगटावरचं घड्याळ काढून बाहेर ठेवायची, कोमट पाण्याचा घोट घ्यायची आणि आत जाऊन बसायची. एकेक आकडा तीन चालींत म्हणावा लागायचा. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा. शेवटच्या आकड्याला आवाज खाली उतरतो, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की संपलं. तिला ती सवय इतकी लागलीय, की घरी धुण्याचे कपडे मोजतानाही शेवटच्या टॉवेलाला तिचा आवाज उतरतो. आम्ही भाचरं तिची नक्कल करून करून थकलो.

हे सगळं तिला शिकवलं त्या खोलीच्या मालकांनी, म्हणजे स्टुडिओवाल्यांनी. मावशी त्यांना दादा म्हणते. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, गेले तेव्हा ती त्याच छापखान्यात खाली टेबलावर फोन घ्यायची. स्टुडिओवाले जिना चढता चढता थांबले, तिचं 'हॅलो' ऐकलं आणि म्हणाले, बाई, तुम्ही खाली काय करताय? त्या एका वाक्यावर तिचं घर चाललं, हे मला मान्य करावंच लागतं, कितीही राग आला तरी. त्यांनी तिला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं, हसू चेहऱ्यावर न आणता आवाजात कसं आणायचं ते शिकवलं. आणि एक नियम घालून दिला. कागदावर आहे ते वाचायचं. कुणाचं आहे, कशासाठी आहे, ते विचारायचं नाही. 'तू दुकानावरची पाटी आहेस,' ते म्हणायचे, 'आत काय विकतात याची चौकशी पाटीने करायची नसते.' मावशी हे वाक्य आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगायची. तेव्हा आम्हालाही ते फार हुशारीचं वाटायचं.

आता माझी आई. आई म्हणजे मावशीची थोरली बहीण. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे एक खोली, दोन मशीन, एक आरसा आणि चेन बदलायला आलेल्या पँटींचा ढीग. स्वभावाने आई अशी, की मीटर बघायला आलेल्या माणसाला ओळखपत्र उलटसुलट करून पाहिल्याशिवाय दारात उभं करत नाही. नोट हातात आली की आधी उजेडात धरते. तिला मोबाइलवरून बँक वापरायला लावणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. सगळ्यांनी हात टेकले, तेव्हा मावशी पुढे झाली.

'ताई, माझ्या बँकेत खातं उघड,' ती म्हणाली. 'अडलं तर फोन लाव. मीच आहे तिथे.'

आईने ते अक्षरशः घेतलं. खातं उघडलं, फोनवर ॲप टाकून घेतलं आणि ॲप तसंच ठेवून ती बँकेच्या नंबरावर फोन लावू लागली. दोघींचं भांडण झालं, आणि ते महिन्यातून एकदा तरी व्हायचंच, की आई मावशीशी बोलायची नाही. पण दुपारी दुकानात बसून बँकेला फोन लावायची आणि स्वतःची शिल्लक तिच्या तोंडून ऐकायची. मी एकदा पकडलं तर म्हणाली, 'शिल्लक बघतेय. तुला काय करायचंय?' फोन कानाला लावून ती जरा हसत होती. मावशीला मी हे सांगितलं, तेव्हा मावशी चष्मा पुसत बसली.

त्या खात्यात आईने दुकानाच्या खोलीसाठी साठवलं होतं. खोली भाड्याची. मालक विकायला निघाला होता आणि आधी तुम्हाला विचारीन म्हणाला होता. बोलणी अगदी शेवटाला आली होती.

आणि मग एका दुपारी आईच्या फोनवर मेसेज आला. सुरक्षा सूचना, तुमच्या खात्यातून मोठी रक्कम बाहेर जात आहे, हे तुम्ही केलं नसेल तर खालच्या लिंकवर ताबडतोब जा, नाहीतर खातं बंद होईल. आईने लिंकला बोट लावलं नाही. मावशीनेच तिला बजावून ठेवलं होतं, की बँकेच्या नावाने लिंक आली तर हात लावायचा नाही, आणि जो घाई करतो तो बँकेचा नसतो. आईने मेसेज बघून नाक मुरडलं आणि पुन्हा मशीनवर बसली. इथपर्यंत तिचं काहीच चुकलं नाही, हे मी तिला आजही सांगते.

मग फोन वाजला. पलीकडून मावशी बोलली.

'नमस्कार. आपल्या खात्यावर संशयास्पद हालचाल आढळली आहे. कृपया घाबरू नका. व्यवहार थांबवण्यासाठी एक दाबा.'

आईच्या तोंडून मी हे नंतर इतक्यांदा ऐकलं, की मला पाठ झालंय. तिने एक दाबला. आवाजाने कार्डाचा नंबर मागितला, तो तिने दाबला. मग आवाज म्हणाला, 'आता आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी दाबा.' तोही तिने दाबला. एक गेला, दुसरा आला, दुसराही दाबला. शेवटी आवाज म्हणाला, 'धन्यवाद. आपले खाते सुरक्षित आहे.' आई मला म्हणाली, 'शेवटच्या शब्दाला तिचा आवाज कसा उतरतो, तसाच उतरला गं. मला इतकं बरं वाटलं.' तिने उठून स्वतःसाठी चहा मागवला. चहा येईपर्यंत खात्यात नावापुरते पैसे उरले होते.

पैसे गेल्याचा खरा मेसेज बँकेकडून आला तेव्हा आई आधी मावशीकडे धावली, बँकेत नाही. मी तिच्याबरोबर होते. मावशी दार उघडायला आली तर आई उंबऱ्यातच म्हणाली, 'तू फोन केलास आणि माझे पैसे गेले.'

'ताई, मी नाही केला. काय बोलतेस?'

'म्हणजे तू नाही, बँकेतली तू.'

मावशीने तिला आत बसवलं, पाणी दिलं. 'हे बघ,' ती म्हणाली, 'बँकेतली मी कधी कुणाला स्वतःहून फोन करत नाही. लोक मला करतात. आणि ओटीपी तर मी कधीच मागत नाही. मी काय म्हणते ते तुला माहीत आहे. ओटीपी कुणालाही सांगू नका, बँकेलासुद्धा.'

'पण तू मागितलास. म्हणालीस, आता आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी दाबा.'

मावशीचा चेहरा मी पाहत होते. खाली छापखान्याची सुट्टी, गाद्यांची खोली, हातातला कागद, सगळं तिला तिथल्या तिथे आठवलं असणार. ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, 'हे मी वाचलंय.'

एवढंच. तिला खोटं बोलता आलं असतं. आवाज चोरला म्हणाली असती तर आम्ही दोघींनी विश्वास ठेवला असता. हल्ली यंत्रं काय वाटेल ते करतात. पण ती म्हणाली, काही आठवड्यांपूर्वी दादांनी बोलावलं होतं, एका बँकेची नवी फोनसेवा आहे म्हणून. ओटीपीच्या ओळीला ती अडखळली होती. मी तर आजवर उलटं सांगत आले, असं म्हणालीही होती. दादा म्हणाले, आता नवी पद्धत आली, माणसाला सांगायचा नाही पण यंत्रावर दाबायचा. आणि तिने नियमाप्रमाणे पुढची ओळ वाचली होती.

'वाचताना तुला कळलं नाही?' आईने विचारलं.

'आम्ही अर्थाकडे बघत नाही, ताई. अर्थाकडे बघितलं की आवाज हलतो.'

आई उठली. 'मी मेसेजला फसले नाही,' ती म्हणाली. 'मी जगात कुणालाच फसत नाही. मला फसवायला तूच लागलीस.' आणि ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना हट्टाने बँकेत नेलं. काचेमागचा अधिकारी तरुण होता, सभ्य होता. असे प्रसंग त्याने बरेच पाहिले असावेत, कारण सहानुभूती त्याच्याजवळ तयारच होती. त्याने लगेच खातं गोठवलं, तक्रार घेतली, सायबर पोलिसांचा नंबर दिला आणि म्हणाला, फोन आल्या आल्या कळवलं असतं तर बरंच वाचलं असतं. मग नीट समजावून सांगू लागला. बँक ओटीपी मागत नाही. पिन मागत नाही. घाबरवणारा मेसेज आला तर त्यातल्या लिंकवर जायचं नाही. आणि फोन कुणाचाही असो, कितीही ओळखीचा वाटो, तो कापायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आपण स्वतः लावायचा.

'आमच्या लाइनवर हे स्पष्ट सांगितलेलं आहे, मॅडम,' तो म्हणाला. 'लोक ऐकत नाहीत. हे बघा.' त्याने टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावला.

मावशी बोलू लागली. 'कृपया आपला ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कोणालाही सांगू नका. बँकेचे कर्मचारी तो कधीही विचारत नाहीत.' प्रेमळ, ठाम, श्वास जागच्या जागी. समोर खुर्चीत खरी मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि मान वर करत नव्हती.

'किती छान सांगितलंय,' अधिकारी म्हणाला.

'हो,' आई म्हणाली. 'दोन्ही वेळा छानच सांगितलं.'

त्याला काही कळलं नाही. मला मात्र तिथल्या तिथे जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. आई खोटं बोलत नव्हती, आणि मावशीने काही वाईट केलं नव्हतं, आणि तरी एक बहीण दुसरीला त्या खोलीत सोलून काढत होती.

तिथून मावशी थेट छापखान्यात गेली. मीही गेले, तिला एकटीला सोडायचा धीर होईना. स्टुडिओवाले हेडफोन गळ्यात अडकवून बसले होते. मावशीला पाहून नेहमीसारखे म्हणाले, 'ये. आज काम नाहीये गं.'

मावशीने झालेलं सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. आधी ते म्हणाले, गिऱ्हाईक आलं, आगाऊ पैसे देऊन गेलं, मी काय प्रत्येकाची जन्मपत्रिका मागू? मग म्हणाले, आपलं काम रेकॉर्डिंगचं. सरळ कानावर हात. मावशीने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

'माझाच आवाज का मागितला त्यांनी?'

ते हेडफोनची वायर गुंडाळू लागले.

'दादा, शहरात आवाज खूप आहेत. माझ्यापेक्षा स्वस्त आहेत. माझाच का?'

'त्यांना बँकेच्या लाइनवरचा हवा होता,' ते म्हणाले. 'तोच हवा होता.'

'बँकेच्या लाइनवरचा. आणि बँकेचं काम तर आपल्याकडे थेट बँकेतून येतं. त्यांचा माणूस तुम्ही ओळखता. हा तो नव्हता.'

वायर गुंडाळून झाली होती, तरी ते गुंडाळतच राहिले. 'मला वाटलं होतं, हे कुणाचं ते तू विचारशील,' ते म्हणाले. 'तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं त्यांना. शपथेवर सांगतो. पण तू वाचून टाकलंस.'

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. ज्या माणसाने तिला न विचारायला शिकवलं, तोच तिला सांगत होता की चूक तुझी, तू विचारलं नाहीस. मी चार शब्द सुनावायला तोंड उघडलं, पण मावशीने माझ्या हातावर हात ठेवला. टेबलावरचं आपलं घड्याळ तिने उचललं. ते गेल्या वेळी तिथेच राहिलं होतं. मनगटावर बांधलं आणि म्हणाली, 'दादा, मी आता पोलिसांकडे जातेय. तुमचं नाव सांगणार आहे आणि माझंही.'

आणि सांगितलंही. सगळ्या चौकश्यांना ती न चुकता गेली. स्टुडिओला कुलूप लागलं. आईचे थोडे पैसे वाटेत अडवलेले सापडले आणि परत मिळाले, बाकीचे कुठल्या कुठे गेले. खोली दुसऱ्याने घेतली. आई अजून तिथेच शिवते, नव्या मालकाला वाढीव भाडं देऊन. बँकेने खबरदारी म्हणून लाइनवरचा आवाज बदलला. आता तिथे कुणी तरुण मुलगी 'कृपया' म्हणते. वाईट नाही म्हणत, पण आकडे तिचे सगळे एकाच चालीत येतात. संपले की नाही ते कळत नाही.

मावशीला या कशाचंच एवढं लागलं नाही, जेवढं आईचं लागलं. आई तिच्याशी बोलत नाही असं नाही. बोलते. घरी येते-जाते, औषधं विचारते, मागच्या आठवड्यात तिचा परकर मशीनवर शिवून दिला. मीही समजत होते की हळूहळू मिटलं.

मग परवा मी मावशीकडे बसले होते. तिने आईला फोन लावला. पलीकडे उचलला गेल्याचं मला ऐकू आलं.

'ताई, मी बोलतेय,' मावशी म्हणाली.

फोन कट झाला. मला वाटलं, रेंज गेली. मावशीने मात्र पुन्हा लावला नाही. फोन टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि नुसती बसून राहिली, पुढे काय होणार ते ठाऊक असल्यासारखी. थोड्या वेळाने फोन वाजला. आईचा होता.

'हं,' आई म्हणाली, 'आता बोल.'

नंतर घरी येऊन मी आईला धारेवर धरलं. दर वेळी असं करतेस? सख्ख्या बहिणीला?

आई पँटीची शिवण उसवत होती. तिने मान वर केली नाही. 'बँकेतल्या त्या मुलाने सांगितलंय,' ती म्हणाली. 'फोन कुणाचाही असो, ओळखीचा वाटला तर आधी कापायचा आणि आपण लावायचा. मला जगात एकच आवाज ओळखीचा वाटतो.'

मी मावशीला हे सांगायला गेले नाही. तिला ठाऊकच होतं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली होती, 'बरोबर करते ती. मीच तर शिकवलंय सगळ्यांना.' मग तिने चहाचे कप मोजून आत नेले, आणि शेवटच्या कपाला तिचा आवाज उतरला नाही.